बारीक नळीचे आतले अंग: स्टेनलेस कॅपिलरीचे फिनिश कसे ठरवाल?

लातूर-नांदेडकडे एखाद्या तेल गिरणीत, डेअरीत, साखर कारखान्यात किंवा प्रयोगशाळेत बारीक स्टेनलेस नळी घ्यायची वेळ आली की बोलणे बहुधा दोनच गोष्टींवर होते: मीटरला भाव काय आणि चमक कशी. नळी हातात घेऊन उजेडात फिरवली जाते, बोटाने चाचपली जाते आणि ‘माल चांगला आहे’ असा शेरा मिळतो. पण जे वाहणार ते आतून वाहणार, आणि आत ना डोळा पोहोचतो ना बोट. तीन-चार मिलिमीटरपेक्षा बारीक नळीच्या आत नंतर पॉलिशचा पट्टाही घालता येत नाही. म्हणून कॅपिलरीचे फिनिश ऑर्डर देण्याआधी, कागदावरच ठरवावे लागते. ते कोणत्या क्रमाने ठरवावे आणि कुठे जास्त पैसे मोजायची गरज नाही, हे सांगण्यासाठी हा लेख आहे.

फिनिश म्हणजे काय मोजतात?

स्टेनलेस स्टीलमध्ये किमान साडेदहा टक्के क्रोमियम असते. हवेतल्या ऑक्सिजनशी त्याचा संयोग होऊन पृष्ठभागावर क्रोमियम ऑक्साइडचा काही नॅनोमीटर जाडीचा थर तयार होतो, आणि स्टील गंजापासून वाचते ते या थरामुळे. थर ओरखडला तरी पुन्हा धरतो. अट एवढीच, की पृष्ठभाग स्वच्छ हवा आणि त्यात साध्या लोखंडाचे कण रुतलेले नकोत.

पृष्ठभाग किती खडबडीत आहे ते ‘आरए’ या मापाने सांगतात. सूक्ष्म उंचवटे आणि खाचा सरासरी पातळीपासून किती वरखाली आहेत, याची ती मायक्रॉनमधली सरासरी. दूध, तूप किंवा अन्नपदार्थ ज्या पृष्ठभागाला लागतो त्यासाठी ०.८ मायक्रॉन ही मर्यादा जगभर धरली जाते. औषधनिर्मितीत त्याहून गुळगुळीत, ०.५ मायक्रॉनच्या आसपास किंवा त्याखालचा पृष्ठभाग मागतात. नांगरलेल्या रानात पाणी मुरते आणि सारवलेल्या खळ्यावरून वाहून जाते, तसाच हा हिशेब आहे: खाचा जितक्या कमी, तितके दूध, क्षार आणि जंतू अडकायला जागा कमी.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. ‘आतून गुळगुळीत असली की प्रवाह वाढतो’ असे विक्रेते सांगतात. बारीक नळीतला प्रवाह बहुतेक वेळा संथ, थराथराने सरकणारा असतो. त्यावर खडबडीतपणाचा परिणाम जवळजवळ होत नाही. परिणाम होतो तो आतल्या व्यासाचा, आणि तोही चौथ्या घाताने. एक मिलिमीटरचे भोक ०.९ मिलिमीटर झाले की तेवढ्याच दाबाला प्रवाह सुमारे ३४ टक्क्यांनी घटतो. म्हणजे डोसिंग अचूक हवे असेल तर पैसे व्यासाच्या अचूकतेवर खर्च करा. फिनिशवर खर्च करा तो स्वच्छतेसाठी.

आधी पाणी, मग ग्रेड, मग फिनिश

आपल्या भागात हा क्रम चुकवून चालत नाही, कारण धुण्याचे पाणीच मोठा शत्रू आहे. २०१६च्या एप्रिलमध्ये मांजरा धरण आटल्यावर लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीत ५० हजार लिटरच्या दहा वाघिणी होत्या. लातूरच्या उद्योगांनी त्या वर्षी जो धडा घेतला तो आजही लागू आहे: वर्षभर एकच पाणी मिळेल असे धरू नका. पावसाळ्यानंतर नळाचे, हिवाळ्यात बोअरचे आणि मे महिन्यात टँकरचे, असे तीन प्रकारचे पाणी एकाच नळीतून जाऊ शकते.

म्हणून पाण्याचा नमुना मे महिन्यात घ्या. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत किंवा एखाद्या मान्यताप्राप्त खासगी प्रयोगशाळेत क्लोराइड, एकूण कठीणपणा आणि पीएच एवढे तरी तपासून घ्या. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस १०५००) क्लोराइडची स्वीकार्य मर्यादा लिटरला २५० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर १००० मिलिग्रॅमपर्यंत चालते. माणसाला चालणारे हे पाणी स्टीलला चालेलच असे नाही. साध्या तापमानाच्या पाण्यासाठी सर्वसाधारण अंदाज असा: क्लोराइड २०० मिलिग्रॅमपर्यंत असेल तर ३०४ ग्रेड, त्यापुढे साधारण १००० पर्यंत ३१६. पाणी गरम असेल, साचून राहत असेल किंवा आटत असेल तर या मर्यादा खाली येतात. साठ अंशांच्या वर क्लोराइड आणि ताण एकत्र आले की ३०४ आणि ३१६, दोन्हींना बारीक भेगा पडू शकतात.

३१६ मध्ये दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम असते. क्लोराइडच्या टोचणीला ते उत्तर देते. ‘एल’ म्हणजे कार्बन कमी, साधारण ०.०३ टक्के. वेल्डिंग होणार असेल तर ३०४एल किंवा ३१६एलच घ्या. भांड्यांच्या बाजारात चालणारे ‘दोनशे दोन’ वाहत्या क्षारपाण्याच्या कामाला नको. त्यात निकेल कमी करून मॅंगनीज घातलेले असते आणि त्याला खड्डे लवकर पडतात.

ग्रेड चुकली तर कितीही महाग फिनिश ती चूक झाकत नाही. आरशासारखी ३०४ नळी क्लोराइडच्या पाण्यात फुटेल आणि राखाडी ३१६ टिकेल.

बाजारात मिळणारी फिनिश

नळी थंड अवस्थेत खेचून बारीक करतात. खेचताना आत प्लग किंवा मॅंड्रेल असेल तर आतला पृष्ठभागही दाबला जाऊन गुळगुळीत होतो. आत काही न ठेवता नुसती डायमधून ओढली, ज्याला सिंकिंग म्हणतात, तर आतल्या बाजूला सुरकुत्या येतात. फिनिशचे नाव विचारण्याआधी ‘शेवटचे ड्रॉइंग प्लगवर की सिंक?’ हे विचारा. गंभीर विक्रेता उत्तर देईल किंवा कारखान्यात विचारून सांगेल.

*अ‍ॅनील्ड-पिकल्ड (एपी).* भट्टीत मऊ करून नंतर नायट्रिक आणि हायड्रोफ्लुओरिक आम्लाच्या मिश्रणात काळी पापुद्री काढलेली नळी. रंग राखाडी, पोत मॅट. सगळ्यांत स्वस्त. प्रेशर गेजच्या लाइन, हवेच्या आणि हायड्रॉलिक लाइन, कूलिंग कॉइल यांना पुरेशी.

*ब्राइट अ‍ॅनील्ड (बीए).* हायड्रोजनच्या किंवा विघटित अमोनियाच्या वातावरणात साधारण १०४० अंशांच्या वर तापवून, हवा न लागू देता थंड केलेली. पापुद्रीच धरत नाही, म्हणून आम्लात बुडवावी लागत नाही. आतून-बाहेरून उजळ आणि गुळगुळीत. कॅपिलरीसाठी बहुतेक वेळा हाच शहाणपणाचा पर्याय, कारण हे फिनिश आतपर्यंत पोहोचते.

*मेकॅनिकल पॉलिश किंवा बफिंग.* १८० ग्रिट, ३२० ग्रिट, मिरर ही नावे इथली. मोठ्या डेअरी पाइपला हे आतूनही करता येते. कॅपिलरीला मात्र फक्त बाहेरून होते. विक्रेता तुम्हाला ‘मिरर फिनिश कॅपिलरी’ देत असेल तर तो बाहेरच्या चमकेचे पैसे घेतो आहे.

*इलेक्ट्रोपॉलिश (ईपी).* फॉस्फोरिक आणि सल्फ्युरिक आम्लाच्या द्रवात वीज सोडून पृष्ठभागाचे सूक्ष्म उंचवटे विरघळवतात. लोह आधी जाते, त्यामुळे वरच्या थरात क्रोमियमचे प्रमाण वाढते. आतून करायचे तर नळीच्या भोकातून कॅथोडची तार न्यावी लागते. म्हणून लांब आणि बारीक नळीत ते अवघड आणि महाग. औषधनिर्मिती आणि अतिशुद्ध वायू यांच्यासाठी.

*पॅसिव्हेशन.* ही चमक नाही, उपचार आहे. नायट्रिक किंवा सायट्रिक आम्लाने पृष्ठभागावरचे मोकळे लोखंड काढून टाकायचे, म्हणजे संरक्षक थर नीट धरतो. एएसटीएम ए९६७ या मानकात त्याच्या रीती दिल्या आहेत. सायट्रिकची एक रीत ४ ते १० टक्के द्रावण आणि ६० ते ७० अंश तापमान अशी आहे. कोणत्याही फिनिशवर हे करता येते आणि कमी पैशात जास्त फायदा यातच असतो.

आपल्याकडची कामे आणि त्यांची गरज

साखर कारखाना. बॉयलर आणि पॅनवरच्या गेजकडे जाणाऱ्या इम्पल्स लाइनमध्ये पाणी किंवा वाफेचे थंड झालेले पाणी उभे असते, वाहत नाही. इथे ३१६ची सिमलेस एपी नळी पुरते. ईपीवर खर्च करू नका. रस किंवा सिरपचे नमुने काढण्याच्या नळीला मात्र बीए घ्या, कारण खडबडीत जागी साखर चिकटते आणि आंबते.

दूध संकलन आणि डेअरी. उदगीर, देवणी, अहमदपूर, कंधार या पट्ट्यात देवणी आणि लाल कंधारी जनावरांच्या जोडीने संकरित गायींचे दूध वाढले, आणि बल्क कूलर गावोगाव आले. दुधाचा मुख्य पाइप कॅपिलरी नसला तरी नियम तोच: आतला आरए ०.८ मायक्रॉनपेक्षा जास्त नको. नमुना-नळ्या, तापमापकाचे आवरण, डोसिंगच्या नळ्या यांनाही तीच अट घाला. डेअरीत साफसफाई एक ते दीड टक्के कॉस्टिकने ७० ते ७५ अंशांवर आणि नंतर सौम्य नायट्रिकने होते. दोन्ही स्टीलला चालतात. संडास धुण्याचे हायड्रोक्लोरिक आम्ल ‘क्षार लवकर जातो’ म्हणून वापरू नका. क्षार जाईल, पण मागोमाग नळीला खड्डे पडतील.

तेल गिरणी आणि रिफायनरी. लातूरच्या सोयाबीन उद्योगात डिगमिंगसाठी, म्हणजे तेलातला गोंद काढण्यासाठी, फॉस्फोरिक किंवा सायट्रिक आम्ल थोडेथोडे सोडतात. डोसिंगची नळी ३१६एल, बीए आणि आतल्या व्यासाची टॉलरन्स लिहून घेतलेली असावी. प्रयोगशाळेत फॅटी आम्लांच्या तपासणीसाठी गॅस क्रोमॅटोग्राफ असेल तर त्याच्या वायूच्या लाइनमध्ये आरएपेक्षा तेलमुक्तता महत्त्वाची. ड्रॉइंगच्या वेळचे वंगण आत राहिले तर आलेखावर नसलेल्या पदार्थांचे शिखर दिसू लागते. ‘क्रोमॅटोग्राफी ग्रेड, धुतलेली, टोके बंद’ अशीच नळी मागा.

हळद आणि एचपीएलसी. नांदेडच्या बाजारातल्या हळदीचे कुरकुमीन मोजायचे असो की शेंगदाण्यातले अफ्लाटॉक्सिन, एचपीएलसीच्या नळ्या बहुधा १.५९ मिलिमीटर बाहेरच्या व्यासाच्या आणि आतून पाव मिलिमीटर किंवा त्याहून बारीक असतात. या नळ्या कारखान्यातच कापून, टोके घासून आलेल्या घ्या. क्लोराइडचे बफर वापरले तर काम संपल्यावर शुद्ध पाण्याने, मग मिथेनॉलने धुवा. यंत्र रात्रभर बफर भरून ठेवू नका.

आरओ प्लांट आणि फॉगर. जारचे पाणी विकणारे प्लांट आता अनेक गावांत आहेत. आरओतून निम्मे पाणी शुद्ध होऊन बाहेर पडले की उरलेल्या निम्म्यात क्षार जवळजवळ दुप्पट होतात. मूळ पाण्यात ५०० मिलिग्रॅम क्लोराइड असेल तर टाकाऊ पाण्यात हजाराच्या घरात. इथे ३१६सुद्धा काठावर असते. टाकाऊ पाण्याच्या लाइनला आणि सोडियम हायपोक्लोराइटच्या डोसिंगला प्लास्टिकची नळी लावा. स्टीलवरचा खर्च वाया जाईल. शेडनेट किंवा कोंबड्यांच्या शेडमधल्या उच्च दाबाच्या फॉगरला स्टीलची नळी चालते. पण नोझल बुजतात ते कठीण पाण्याने, आणि फिनिश त्यावर उपाय नाही. गाळणी आणि सॉफ्टनर आधी, फिनिश नंतर.

ऑर्डर कशी लिहावी

‘एसएस कॅपिलरी, चांगली, ३१६’ अशी ऑर्डर दिली तर जे येईल त्यावर हरकत घेता येत नाही. मुंबईच्या कुंभारवाड्यातल्या पेढीकडून मागवा, हैदराबादहून मागवा किंवा गुजरातेतल्या कारखान्याकडून; कागदावर पुढील मजकूर असू द्या:

‘सिमलेस नळी, ग्रेड ३१६एल, एएसटीएम ए२६९ प्रमाणे. बाहेरील व्यास ३.१८ मिमी, भिंत ०.७१ मिमी, टॉलरन्स नमूद करावी. शेवटचे ड्रॉइंग प्लगवर. ब्राइट अ‍ॅनील्ड. आतील आरए ०.८ मायक्रॉनपेक्षा जास्त नको. आतून तेलमुक्त, दोन्ही टोके टोपणाने बंद. हीट नंबरसह ईएन १०२०४ – ३.१ प्रकारचे चाचणी प्रमाणपत्र सोबत.’

ग्रेड, मापे आणि आरएचा आकडा आपल्या कामानुसार बदला. ‘आतील’ हा शब्द मात्र गाळू नका. तो नसेल तर पुरवठादार बाहेरचे मोजमाप दाखवतो आणि कागदाच्या दृष्टीने ते खरेही ठरते. अर्ध्या इंचापेक्षा बारीक नळ्यांसाठी एएसटीएम ए६३२ हे वेगळे मानक आहे. पुरवठादार ते देत असेल तर आवर्जून घ्या.

माल आल्यावर

लोहचुंबक लावून ग्रेड ठरवू नका. थंड खेचलेली अस्सल ३०४ नळी किंचित चुंबकाला ओढते, आणि दोनशे दोन अ‍ॅनील केलेली असेल तर ओढत नाही. त्याऐवजी हे करा.

१. प्रमाणपत्रावरचा हीट नंबर आणि गठ्ठ्यावरच्या चिठ्ठीवरचा नंबर जुळवा.

२. ३१६ मागवली असेल तर बाजारात मिळणाऱ्या मॉलिब्डेनम चाचणीच्या थेंबाने एक तुकडा तपासा. मोठी ऑर्डर असेल तर पीएमआय गन (धातूतले घटक ओळखणारे यंत्र) असलेल्या तपासनिसाला बोलवा.

३. पाच सेंटिमीटरचा तुकडा लांबीत उभा चिरा आणि भिंगाखाली आतले अंग बघा. सुरकुत्या, काळे पट्टे, पापुद्री लगेच दिसतात. आरए मोजायचा असेल तर याच तुकड्यावर मोजून घ्या. एक तुकडा वाया जातो, पण सगळा गठ्ठा कळतो.

४. नळीतून स्पिरिट सोडून पांढऱ्या कापडावर घ्या. कापड काळे-पिवळे झाले तर वंगण शिल्लक आहे.

५. दोन नळ्यांची तुलना करायची तर एकाच लांबीचे तुकडे घेऊन, एकाच उंचीच्या टाकीतून शंभर मिलिलिटर पाणी यायला लागणारा वेळ मोजा. वेळेत मोठा फरक म्हणजे व्यासात फरक.

बसवताना आणि बंद हंगामात

चांगली नळी बिघडते ती बहुधा वर्कशॉपात. ज्या ग्राइंडरवर साधे लोखंड घासले त्यावर स्टेनलेस घासू नका, लोखंडी तारेचा ब्रश वापरू नका. त्या कणांचा गंज काही दिवसांत तांबूस ठिपक्यांच्या रूपाने दिसतो आणि दोष नळीला दिला जातो. बारीक नळी हॅकसॉने कापली तर भोक बुजते. कानसीने चारी बाजूंनी खाच पाडून, दोन पकडींनी वाकवून तोडा आणि आतला काटा काढा. पातळ नळीला वेल्डिंगऐवजी फेरूल फिटिंग वापरा. त्यासाठी मात्र बाहेरचे अंग महत्त्वाचे: लांबीच्या दिशेने गेलेला ओरखडा फेरूलखालून वायू गळण्याची वाट असते. वेल्ड करावेच लागले तर आतून आर्गन सोडा. निळा-काळा झालेला भाग पिकलिंग पेस्टने साफ करून भरपूर पाण्याने धुवा. पेस्टमध्ये हायड्रोफ्लुओरिक आम्ल असते, त्यामुळे रबरी हातमोजे आणि चष्मा याशिवाय हात लावू देऊ नका.

साखर कारखान्यांचा हंगाम मार्च-एप्रिलला संपतो आणि पुढचा ऑक्टोबर-नोव्हेंबरला सुरू होतो. मधल्या महिन्यांत, ऐन उन्हाळ्यात, नळीत राहिलेले पाणी आटत जाते आणि क्लोराइड तीव्र होत जाते. हंगामभर न झालेले नुकसान या रिकाम्या काळात होते. हंगाम संपताच लाइन आरओच्या किंवा मऊ पाण्याने धुवा, तेलविरहित हवेने कोरडी करा, टोके बंद करा. डेअरी किंवा प्रयोगशाळा काही दिवस बंद राहणार असेल तरी हेच करा.

एवढे वाचून एकच काम आज करायचे असेल तर पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत द्या आणि अहवाल आल्यावर तो नळीच्या चौकशीपत्रासोबत पुरवठादाराला पाठवा. सोबत तीन ओळी लिहा: आतून काय वाहणार, किती तापमानाला, आणि ते कशाने धुणार. एवढ्या माहितीवर ग्रेड आणि फिनिश सुचवता न येणाऱ्या पुरवठादाराकडून कॅपिलरी घेऊ नका.